हरळीचा हिवाळा

मागच्या ऑक्टोबरात मी मोबाईलवर लॉनची हिवाळी तयारी कशी करायची ते शोधलं. पहिल्याच व्हिडिओत कॅनडातला एक गृहस्थ कंप्रेसर लावून अंगणातल्या नळ्यांमधलं पाणी फुंकून बाहेर काढत होता. थंडीत त्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि नळ्या फुटतात म्हणून. मी तो व्हिडिओ आकुर्डीत, आमच्या घराच्या पायरीवर बसून बघत होते. आमच्याकडे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं आणि त्या दिवशी आमची पाळी नव्हती. नळीत फुंकून काढण्यासारखं काही नव्हतंच.

बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. लॉन त्यांचं. लॉन म्हणजे फार काही नाही, गेट आणि पायरी यांच्यामधला वीस बाय पंधरा फुटांचा हिरवा तुकडा. पण दसरा ते दिवाळी या दिवसांत ते दुसरं काही करायचे नाहीत. कारखान्याकडून दर जानेवारीत मिळालेल्या डायऱ्या त्यांनी या एकाच कामासाठी वापरल्या. 'लव्हाळा काढला, दोन घमेली.' 'पोयटा चाळून पसरला.' 'शेवटची कटिंग. आता संक्रांतीनंतर.' मी लहानपणापासून हे सगळं पाहिलं होतं आणि त्यातलं काहीही मला येत नव्हतं.

आईचं मत स्पष्ट होतं. "फरशी घाल. पाणी वाचेल आणि गाडी आत लावता येईल." तिच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. आमच्या दक्षिणेचा बंगला पाडून तिथे सहा मजली इमारत उभी राहत होती. चौथा स्लॅब पडला होता.

ठरवायच्या आधी मी वाचायला घेतलं. आमच्याकडे अवघड निर्णय पुढे ढकलायची हीच रीत आहे.

*

आपण ज्याला लॉन म्हणतो ते गवत बहुतेक वेळा हरळी असतं. नर्सरीवाले त्याला 'सिलेक्शन नंबर वन' म्हणतील, अमेरिकेत त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात, हिंदीत दूब, आणि गणपतीच्या दिवसांत त्याच्या कोवळ्या शेंड्याला आपण दूर्वा म्हणतो. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. यातल्या सायनोडॉनचा ग्रीकमध्ये अर्थ कुत्र्याचा दात. मुळाशी टोकदार कोंब फुटतात, त्यावरून ते आलं. बर्म्युडा हे नाव फसवं आहे. हे गवत मूळचं आपल्या बाजूच्या जगातलं, आफ्रिका-आशियाकडचं. जहाजांबरोबर ते पलीकडे गेलं आणि तिकडचं नाव लावून परत आलं.

आमच्यापासून चार-पाच किलोमीटरवर, पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. तिथे एकवीस दूर्वांच्या जुड्या विकत मिळतात. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि ऋषींनी एकवीस दूर्वा वाहिल्यावर तो शमला, ही गोष्ट मराठी मुलांना चालता यायच्या सुमारास कळते. पण दूर्वेचं महत्त्व त्याहून जुनं आहे. यजुर्वेदात तिच्यासाठी मंत्र आहे आणि त्यातलं निरीक्षण कुठल्याही माळ्याला पटेल असं आहे. ही वनस्पती पेरापेरातून रुजते. जमिनीवर सरपटणारी काडी घ्या, तिच्या प्रत्येक पेराला खाली मूळ आणि वर पान फुटलेलं दिसेल. म्हणून वंश असाच वाढो, असा आशीर्वाद दूर्वेच्या साक्षीने द्यायचा.

हाच गुण शेतकऱ्याच्या दृष्टीने शाप. आमच्याकडे लॉनचं काम बघायला येणारे मामा मूळचे परांड्याकडचे. त्यांच्या गावची जमीन काळी, भारी. त्यात हरळी शिरली की तिच्या काशा, म्हणजे जमिनीखाली धावणारी खोडं, हात-दीड हात खोल जातात. वरून खुरपलं तर ती हसते, असं मामा म्हणतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं उलटी तापू द्यायची, मग घरातल्या सगळ्यांनी वाकून काशा वेचायच्या आणि बांधावर जाळायच्या. बोटभर तुकडा राहिला तरी पावसाळ्यात पुन्हा हजर. "माझ्या बापाचं आयुष्य हरळी काढण्यात गेलं," ते एकदा मला म्हणाले, "आणि मला तुम्ही ती लावायचे पैसे देता, ताई."

*

आता ही हरळी शेतातून आणि देवळातून निघून घरासमोर शोभेला कशी आली?

आपल्या घराचं अंगण मुळात हिरवं नव्हतंच. ते चोपलेलं, शेणाने सारवलेलं, सडा-रांगोळीचं असायचं. तिथे धान्य वाळायचं, पापड वाळायचे, उन्हाळ्यात माणसं झोपायची. दारात गवत वाढलं म्हणजे घर ओस पडलं, असाच अर्थ. गवत राखायचं, कापायचं आणि त्याचा चारा मात्र करायचा नाही, ही कल्पना आपल्याकडे कुणालाही वेडेपणाचीच वाटली असती.

ती आली इंग्लंडातून. तिथे पाऊस बारीक आणि वर्षभर, ऊन मवाळ. बड्या जमीनदारांच्या वाड्यांपुढे मेंढ्या चरायच्या आणि विळेकरी गवत कापायचे. एवढी जमीन पिकाविना ठेवणं परवडतं, हे दाखवणं हाच त्या हिरवळीचा उपयोग. मग 1830 मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड इथे गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. स्ट्राउड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं गाव. कापड विणल्यावर वर आलेले तंतू एकसारखे छाटायला गिरणीत एक यंत्र असायचं, पिळदार पाती बसवलेला फिरता दंडगोल. बडिंगने तोच दंडगोल जमिनीवर आणला. 1832 पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने ही यंत्रं बनवायला घेतली आणि मेंढ्या नसलेल्या मध्यमवर्गालाही लॉन परवडू लागलं.

मला हा तपशील फार आवडतो. घरापुढचं लॉन हे कापडगिरणीचं पोर आहे. आणि आकुर्डीतलं लॉनही कारखान्याचंच, ते पुढे येईलच.

भारतात इंग्रजांनी आधी आपल्या देशातलं बियाणं आणून पाहिलं असेल, तर ते मे महिन्यात गेलं असणार. तिकडची लॉनची गवतं थंड हवेची. तीस अंशांच्या वर ती माना टाकतात. हरळीचं उलटं. तिला कडक ऊन आणि गरम माती हवी आणि तुडवलेलं तिला चालतं. साहेबाने हे लवकर ओळखलं. छावण्यांमधले बंगले, क्लब, कलकत्त्याचं 1829 सालचं गोल्फचं मैदान, सगळीकडे हीच दूब. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, म्हणजे 1899 ते 1905 या काळात, ताजमहालासमोरची बागही या चवीने बदलली. मुघल बागेतली दाट झाडी गेली आणि मोकळी हिरवळ आली. आज ताजचा फोटो म्हटला की आपल्याला जे दिसतं, त्यातलं पुढचं हिरवं शहाजहानचं नाही.

पुण्यात हीच हिरवळ गणेशखिंडीत गव्हर्नरच्या वाड्यापुढे आली. सर बार्टल फ्रियरने सुरू केलेला तो वाडा आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. एम्प्रेस गार्डनमध्ये आली, खडकीच्या लष्करी बंगल्यांमध्ये आली. खडकीत 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. पण खडकीपलीकडे, मुंबईच्या दिशेने, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही तेव्हा शेतकऱ्यांचीच गावं.

*

या पट्ट्यातला शेतकरी कसा होता याचं एक चांगलं वर्णन आपल्या हाताशी आहे, आणि इथल्या आयटीवाल्या मित्रांना ते ठाऊक नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी एका गावाचा घर न् घर, वावर न् वावर असा अभ्यास केला आणि 1917 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. भारतातल्या ग्रामीण अभ्यासांमध्ये ते पुस्तक पायाचं मानलं जातं. गाव कोणतं? पिंपळे सौदागर! होय, तेच मॉलचं आणि टॉवर्सचं. मॅनच्या हिशेबाप्रमाणे 1771 मध्ये तिथे सरासरी धारणा 40 एकर होती. 1914-15 मध्ये ती 7 एकरांवर आली होती. 81 टक्के धारणा दहा एकरांच्या खाली आणि 60 टक्के तर पाचाच्याही खाली. म्हणजे कारखाने यायच्या कितीतरी आधी इथली शेती तुकड्यातुकड्यांत संपत चालली होती.

मग कारखाने आले. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1960 च्या सुमारास आकुर्डीत बजाजचा स्कूटरचा कारखाना. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. 1966 नंतर टेल्को. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांची गोष्ट इथे अजून सांगतात. उजाड माळ मिळाल्यावर त्यांनी यंत्रं बसवण्याच्या बरोबरीने झाडं लावली, तळं केलं. त्या तळ्यावर पक्षी येऊ लागले. कारखाना म्हणजे धूर या समजुतीला त्या माणसाने माळावर उत्तर दिलं.

माळ हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. आकुर्डीत आजही खंडोबा माळ नावाचा बसथांबा आहे. कंडक्टर ओरडतो तेव्हा आपण फक्त उतरतो. पण माळ म्हणजे गावाची गुरं चरायची उघडी जमीन. इथे गवत होतं ते असं, पावसाळ्यात उगवणारं, दिवाळीपर्यंत पिवळं पडणारं, गुरांच्या तोंडी जाणारं.

4 मार्च 1970 ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. 14 मार्च 1972 ला नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. तेच साल महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचं. एकीकडे सेक्टरांचे नकाशे आखले जात होते आणि दुसरीकडे मराठवाड्यातून, सोलापुराकडून माणसं खडी फोडायच्या कामांवरून थेट या कारखान्यांच्या गेटवर येत होती. कामगारांना घरं हवीत म्हणून प्राधिकरणाने गावांच्या जमिनी संपादित केल्या आणि प्लॉट पाडले. त्या जमिनींच्या बदल्यात द्यायच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न, विशेषतः 1972 ते 1983 या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा, पुढे कित्येक दशकं चालला. प्राधिकरणच 2021 मध्ये विसर्जित झालं. हा प्रश्न त्याच्यापेक्षा चिवट निघाला.

आमचा प्लॉट तसाच, 99 वर्षांच्या पट्ट्याचा. कुणाच्या वावरात आहे ते आम्हाला माहीत नाही. पाया खणताना काळ्या मातीत काशा निघाल्या होत्या, असं बाबा सांगायचे. त्या त्यांनी टाकू दिल्या नाहीत. लॉनची सुरुवात तिथून झाली. वर नर्सरीतून आणलेली रोपं लावली, पण खालची गावठी हरळीच शेवटी पुढे आली असावी असा माझा संशय आहे, कारण आमचं लॉन कधीच मखमली झालं नाही.

आणि लॉन का? तर नियम. बांधकामाच्या नियमाप्रमाणे घराभोवती मोकळी जागा सोडावी लागते, ज्याला आपण मार्जिन म्हणतो. गावातून आलेल्या माणसाला अंगणाची सवय होती, पण इथे वाळवायला धान्य नव्हतं आणि सारवायला शेण नव्हतं. त्या रिकाम्या पट्टीचं करायचं काय, याचं उत्तर त्याने रोज बघितलं होतं. कारखान्याच्या ऑफिसपुढे एक हिरवा गालिचा होता, ज्यावर कामगार चालत नसत. बाबांनी सत्तावीस वर्षं त्याच्या कडेकडेने चालत पाळी केली. घर झाल्यावर पहिल्या रविवारी ते आमच्या लॉनवर खुर्ची टाकून अनवाणी बसले. तो फोटो आहे. पाय फोटोत मुद्दाम आलेत.

*

तर हिवाळी तयारी. डायऱ्या आणि मामा या दोघांकडून मला जे समजलं ते असं.

इथे बर्फाची भीती नाही. पुण्याकडच्या थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी ऊन असतं. हरळी मरत नाही, झोपते. माती गार झाली की तिची वाढ थांबते, रंग फिका पडतो. म्हणून जे काही खायला घालायचं ते झोपायच्या आधी. ऑक्टोबरच्या उन्हात लव्हाळा काढायचा. तो उपटून निघत नाही, खुरप्याने खाली जाऊन गाठीसकट काढावा लागतो, नाहीतर एकाचे चार. मग दंताळ्याने वाळकं गवत ओरबाडून काढायचं. पावसाने आणि पायांनी बसलेल्या जमिनीत काटेरी फावड्याने भोकं पाडायची, म्हणजे मुळांना हवा मिळते. कुजलेलं शेणखत, पोयटा आणि थोडी वाळू एकत्र चाळून वरून पसरायची आणि खराट्याने पात्यांच्या मध्ये ढकलायची. थंडी लागल्यावर युरिया द्यायचा नाही. पाणी सकाळी द्यायचं, संध्याकाळी कधीच नाही, कारण रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशी धरतात. दव पडतं तेवढं पुरे आहे.

(जाता जाता: हल्ली मराठीत लॉन हा शब्द ऐकला की गवत कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही, लग्न येतं. 'मंगल कार्यालय व लॉन्स'. तुळशीचं लग्न लागलं की तिथेही हिवाळी तयारी सुरू होते, फक्त तिकडे हरळीवर लाल कार्पेट टाकतात.)

मामांनी दोन दिवसांत एवढं सगळं करायची तयारी दाखवली. मग ते कमरेवर हात ठेवून दक्षिणेकडे बघत उभे राहिले. "ताई, थंडीने काय होत नाही हिला. सावलीने होतं."

तेव्हा मी कागद घेतला. आकुर्डी विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांहून थोडी वर. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, आपली सावली नाहीशी होते. पण 22 डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेला झुकून क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. वीस मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा भर दुपारी अठरा मीटर पडते. सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. आमचं लॉन त्यात पूर्ण बुडतं आणि पायरीसुद्धा. मार्चच्या अखेरीस तीच सावली पाच-साडेपाच मीटरांवर येईल आणि उन्हाळ्यात जवळजवळ निघून जाईल. हरळीला दिवसाला सहा तास तरी ऊन लागतं. म्हणजे इमारत पूर्ण झाली की आमच्या लॉनला दर वर्षी तीन महिन्यांची रात्र असणार. कॅनडाच्या त्या गृहस्थासारखा खराच हिवाळा आम्हाला मिळणार होता, फक्त बर्फाऐवजी सिमेंटचा.

आईला कागद दाखवला. तिने चष्मा लावून आकडे बघितले आणि म्हणाली, "म्हणजे मी सांगतेय तेच. फरशी."

मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. बंगला पाडणाऱ्या शेजाऱ्यांवरही धरता येईना. ती दोन म्हातारी माणसं आहेत, मुलं बाहेर आहेत, घर गळतंय. उद्या आमच्याकडेही तोच प्रस्ताव येईल, आणि आमच्या इमारतीची सावली आमच्या उत्तरेच्या घरावर पडेल. त्यांच्याकडे लॉन नाही. सोलरचं पाणी तापतं ना, एवढंच ते बघतील.

शेवटी अर्धं-अर्धं झालं. भिंतीलगतच्या पट्टीत फरशी आली. तिथली हरळी मामांनी खणून काढली आणि काशा गोणीत भरल्या. फाटकाजवळचा तुकडा ठेवला, कारण सकाळी दहापर्यंत रस्त्याच्या बाजूने तिरपं ऊन तिथे येतं. त्या तुकड्यासाठी मामांनी बाबांचा नियम मोडला. बाबा शेवटची कटिंग अगदी खाली घ्यायचे, दिवाळीला स्वच्छ दिसावं म्हणून. मामा म्हणाले, उंच ठेवा, तीन-चार बोटं. कमी उजेडात पान जितकं लांब तितकं तिला जेवण जास्त. ओंगळ दिसेल, दिसू द्या.

डायरीत मी लिहिलं: 'शेवटची कटिंग. उंच.' खाली तारीख घातली. बाबांच्या अक्षराखाली माझं अक्षर फारच फराटे मारल्यासारखं दिसतं.

22 डिसेंबरला सुट्टी काढली नाही, पण घरून काम होतं. साडेबाराला बाहेर आले. सहावा स्लॅब अजून व्हायचा होता, तरी सावली फरशी ओलांडून पायरीच्या पहिल्या टप्प्यावर चढली होती. फाटकाजवळचा तुकडा फिका, लांब पात्यांचा, थोडा झोपलेला. गोणी अजून तिथेच होती. मामा ती गावी न्यायला विसरले असं नाही, गावी ती कोण घेणार! तळाला फाटलेल्या भागातून दोन काड्या बाहेर येऊन कंपाउंडच्या भिंतीखालून पलीकडे गेल्या होत्या. पलीकडे बिल्डरचा वाळूचा ढीग होता, आणि त्यावर भर दुपारचं ऊन.

चतुर्थीला आई तिथूनच दूर्वा काढून आणते. सिमेंट असतं म्हणून दोनदा धुते.